तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : ग्लेंडेलचे आर्मेनियन श्रीमंत की गरीब?

प्रश्न : माझी मुलगी लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेलला राहते, उन्हाळ्यात मी तिच्याकडे होते. आजूबाजूला सगळे आर्मेनियन. दिसायला गोरे, फॉर्मवरही म्हणे व्हाइट असंच टिक करतात. पण वर डोंगरात बंगल्यांत राहणारे तेच आणि खाली एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये सरकारी मदतीवर महिना काढणारे आजी-आजोबाही तेच. मग गोऱ्या अमेरिकन लोकांच्या तुलनेत यांची परिस्थिती नेमकी कशी? जावयांना विचारलं तर म्हणाले, आई, कॉम्प्लिकेटेड आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : जावई बरोबर बोलले, पण स्वस्तात सुटले! कॉम्प्लिकेटेड आहे हे खरंच, पण त्यातली गोम एका वाक्यात सांगता येते. आर्मेनियन माणूस भेटला की तो कुठल्या देशातून आला आणि कोणत्या साली आला एवढं विचारा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. सगळ्यांना एका टोपलीत टाकून सरासरी काढली की ती जवळपास गोऱ्यांसारखीच दिसते, पदवीधरांचं प्रमाण तर देशाच्या सरासरीपेक्षा जास्तच निघतं, आणि मग तुम्ही पाहिलेले खालच्या अपार्टमेंटमधले आजोबा त्या आकड्यात कुठे गेले ते कळतच नाही.

पहिली लाट जुनी. १९व्या शतकाच्या शेवटी आणि मग १९१५ च्या ऑटोमन तुर्कस्तानातल्या आर्मेनियनांच्या नरसंहारातून वाचलेले लोक आले ते पूर्वेला वुस्टरच्या तारांच्या कारखान्यांत, वॉटरटाउनच्या रबर फॅक्टरीत, डेट्रॉइटला फोर्डकडे असे लागले, आणि पश्चिमेला कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला जाऊन द्राक्षाचे मळे करायला लागले, बेदाणे, अंजीर, कलिंगडं. या लोकांची नातवंडं-पतवंडं आज पैशाच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा वेगळी काढता येणार नाहीत, बऱ्याच जणांना तर भाषाही येत नाही, आडनावाच्या शेवटचा 'यान' तेवढा उरलाय. जॉर्ज ड्यूकमेजियन १९८३ ते १९९१ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते, ते याच जुन्या लाटेतल्या घरातले.

दुसरी लाट १९७० नंतरची, आणि ती एक नाहीच, तीन-चार आहेत. १९७५ ला लेबनॉनमध्ये यादवी पेटली तेव्हा बैरुतचे आर्मेनियन निघाले, त्यांच्या हातात कसब होतं, सोनारकाम, शिवणकाम, चपला-बूट, आणि दुकान चालवायची सवय होती. लॉस एंजेलिस डाउनटाउनच्या सराफ बाजारात आजही या लोकांचे गाळे ओळीने आहेत, घरातली दोन-तीन माणसं काउंटरमागे आणि एक जण मागे पॉलिश करत बसलेला. १९७९ च्या क्रांतीच्या आगेमागे तेहरानचे आले, त्यातल्या जे लवकर निघाले त्यांना घर-दुकान विकून पैसे बाहेर काढता आले, काही जण तर आधीच शिकायला आलेले होते, इंग्रजी होतं, डिग्री होती. ग्लेंडेलला सुरुवातीला मोठ्या संख्येने स्थायिक झाले ते हेच, आणि १९८३ ला ग्लेंडेलच्या कौन्सिलवर निवडून आलेले पहिले आर्मेनियन लॅरी झारियन हेही इराणात जन्मलेले.

आणि मग सोव्हिएत आर्मेनियातले. हे १९७० च्या दशकापासून येत होतेच, पण १९८८ चा स्पिटाकचा भूकंप, त्याच वर्षी अझरबैजानमध्ये सुमगाइतला झालेली आर्मेनियनांची कत्तल आणि १९९१ ला सोव्हिएत युनियनच गेलं, या सगळ्यात लोंढा वाढला. यातल्या बऱ्याच जणांना निर्वासितांचा दर्जा मिळाला, म्हणजे आल्या आल्या रोख मदत, सरकारी आरोग्य विमा, हे सगळं कायदेशीर. पण खिशात काही नाही, घर विकून आणायला घरच मालकीचं नव्हतं ना, सोव्हिएत फ्लॅट सरकारी! इंजिनिअर होते, डॉक्टर होते, शिक्षक होते, आणि त्यांच्या डिग्र्या इथे कुणी विचारेना, मग चाळिशी-पन्नाशीत टॅक्सी चालवा नाहीतर कुणाच्या तरी दुकानात उभे राहा. तुम्ही पाहिलेले आजी-आजोबा बहुधा याच लाटेतले. सकाळी त्यांना न्यायला व्हॅन येते, डे-केअर सेंटरमध्ये नाश्ता, बीपी, मग नार्डीचा, म्हणजे फाशांच्या बॅकगॅमनचा डाव. १९९६ ला कायदा बदलला आणि नागरिक नसलेल्या निर्वासित वृद्धांच्या मदतीला ठरावीक वर्षांची मुदत घातली गेली, तेव्हा हीच मंडळी सत्तरीत इंग्रजीचे आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचे क्लास करत होती, पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, तेरा वसाहती कोणत्या.

आता गोऱ्या शेजाऱ्यांशी तुलना. खरा फरक पगारात कमी आणि घरात जास्त आहे, असं माझं मत. गोऱ्या अमेरिकन मध्यमवर्गाची संपत्ती बघा, ती मुख्यतः आजोबांनी १९५० च्या आसपास सरकारी पाठबळाच्या स्वस्त कर्जावर घेतलेल्या घरातून वाढत आलेली आहे. १९८९ ला ग्लेंडेलमध्ये उतरलेल्या माणसाकडे तो आजोबाच नाही, आणि घरांच्या किमती तोपर्यंत आभाळाला. म्हणून शहरातले निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात, आणि ज्यांनी घर घेतलं त्यांच्यात दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि आई-वडील मिळून एका घराचे हप्ते भरतात असं चित्र नेहमी दिसतं, हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नकोच.

प्रश्न : माझा मित्र लॉस एंजेलिसला असतो. तो म्हणतो हे आर्मेनियन मर्सिडीझमधून फिरतात आणि फूड स्टॅम्प घेतात, सगळे लबाड. यात किती तथ्य?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मित्राच्या आधी शंभर वर्षांपासून लोक हेच म्हणतायत, म्हणून जरा मागे जाऊ. फ्रेझ्नोमध्ये गोऱ्या लोकांच्या आर्मेनियनांबद्दल तीन ठरलेल्या तक्रारी होत्या : हे व्यवहारात खोटे, हे धर्मादाय मदतीवर जगतात, आणि हे ऊठसूट कोर्टात जातात. रिचर्ड लापिएर नावाचे स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी सरळ कागद उघडले. व्यापाऱ्यांच्या संघटनेकडे उधारीच्या पतीच्या नोंदी होत्या, त्यात आर्मेनियनांची पत इतरांपेक्षा कमी नव्हती. धर्मादाय मदतीचे अर्ज पाहिले तर ते कमी करत होते. कोर्टातले खटले पाहिले तर तिथेही कमीच. १९३६ ला हे छापून आलं. मला यातली गंमत ही वाटते की तक्रार करणाऱ्यांच्याच शहरात, त्यांच्याच दप्तरात हे सगळं पडलेलं होतं, कुणी चाळायला गेलं नव्हतं एवढंच.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. फ्रेझ्नोच्या चांगल्या वस्त्यांमधल्या घरांच्या खरेदीखतांत चक्क लिहिलेलं असायचं की हे घर आर्मेनियनाला विकायचं नाही, काळ्यांच्या आणि आशियाई लोकांच्या जोडीला यांचंही नाव. १९४८ ला सुप्रीम कोर्टाने अशी कलमं कोर्टामार्फत लागू करता येणार नाहीत असं सांगेपर्यंत हे चाललं.

आजच्या मर्सिडीझचं म्हणाल तर गाडी लीजवर असते, महिन्याचा हप्ता, आणि ज्याच्याकडे घर घ्यायची ऐपत नाही त्याला चारचौघांत दाखवायला गाडी परवडते. मदत घेणारी आजी आणि गाडी चालवणारा नातू एकाच दारातून बाहेर पडतात, म्हणून शेजाऱ्याला ते एकच माणूस वाटतात. घरच्या म्हाताऱ्या माणसाची काळजी घेतल्याबद्दल मुलीला किंवा सुनेला सरकारकडून तासावर पैसे मिळतात अशीही योजना कॅलिफोर्नियात आहे, उत्पन्न कमी असेल तर कुणीही घ्यावी, गोरेही घेतात. फसवणूक करून पकडले गेलेलेही आहेत, ते कोणत्या समाजात नाहीत? पण "सगळे लबाड" म्हणायला मित्राला लापिएरसारखी दप्तरं उघडावी लागतील.

प्रश्न : आम्ही फ्रीमाँटला असतो. आम्ही भारतीय इथे सरासरीने गोऱ्यांपेक्षाही जास्त कमावतो, मग आर्मेनियन तर गोरेच धरले जातात, तरी मागे का? मेहनत कमी पडते का?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : मेहनतीचा मुद्दा कृपया सोडा. तुम्हाला अमेरिकेने गाळून घेतलंय, डिग्री बघून, नोकरीची ऑफर बघून, व्हिसाच्या चाळणीतून. निर्वासिताला असं गाळत नाहीत, अख्खं कुटुंब येतं, आजारी काकासकट. ही तुलनाच बरोबरीची नाही.

पण तुम्ही "गोरे धरले जातात" म्हणालात त्यात आपलाही एक जुना हिशेब अडकलाय, तो सांगतोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्याला अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं तर कायद्याने 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असावं लागायचं. १९०९ ला मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने चार आर्मेनियनांना गोरे ठरवलं. मग १९२३ ला तिथे स्थायिक झालेले पंजाबी शीख भगतसिंग थिंड यांचा निकाल आला, सुप्रीम कोर्ट म्हणालं की शास्त्रात तुम्ही कॉकेशियन असाल हो, पण सामान्य माणसाला तुम्ही गोरे वाटत नाही, सबब नागरिकत्व नाही. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित, यांचं स्वतःचं नागरिकत्वही सरकारने काढायला घेतलं, ते मात्र लढले आणि त्यांनी ते राखलं. त्या निकालानंतर सरकारला वाटलं आता आर्मेनियनांनाही बाहेर काढू, आणि पोर्टलंडचे गालिच्यांचे व्यापारी तातोस कार्तोझियन यांच्यावर केस टाकली.

या केसमध्ये आर्मेनियनांची तयारी बघण्यासारखी. फ्रांझ बोआस हे त्या काळचे मोठे मानववंशशास्त्रज्ञ, त्यांची साक्ष काढली. आमच्या लोकांची लग्नं गोऱ्यांशी होतात, आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्ही त्यांच्यात मिसळतो, असे पुरावे एकामागून एक. म्हणजे कातडीपेक्षा ऊठबस कुणात आहे हे दाखवायचं. १९२५ ला निकाल लागला, आर्मेनियन गोरे.

याचा पैशाशी संबंध काय? सरळ संबंध आहे! कॅलिफोर्नियात १९१३ पासून कायदा होता की ज्याला नागरिकत्व मिळूच शकत नाही त्याने शेतजमीन विकत घ्यायची नाही. त्यामुळे फ्रेझ्नोचा आर्मेनियन मळा स्वतःच्या नावावर करू शकत होता, आणि त्याच खोऱ्यात राबणारा पंजाबी १९२३ नंतर करू शकत नव्हता, त्याला ओळखीच्या माणसाच्या नाहीतर इथे जन्मलेल्या मुलाच्या नावाचा आडोसा घ्यावा लागायचा. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ ला. कोर्टाने दिलेला गोरेपणा आर्मेनियनाला जमीन देऊन गेला पण चांगल्या वस्तीतलं घर काही देऊ शकला नाही, आणि जमीनही सगळ्यांची टिकली नाही, १९२० नंतर बेदाण्याचे भाव असे कोसळले की कित्येकांचे मळे बँकेकडे गेले. कर्क कर्कोरियन यांच्या घरचंही तसंच झालं, शेती गेली, कुटुंब लॉस एंजेलिसला आलं, पोराने आठवीत शाळा सोडली, पुढे तो लास व्हेगासचा अब्जाधीश झाला. पण अशा एका माणसावरून समाज मोजू नका, कार्दाशियनांवरून तर अजिबातच नको.

प्रश्न : मुंबईत आर्मेनियन होते हे खरं का?
— एक वाचक, दादर

उत्तर : हो, व्यापारी होते, सुरतेहून आलेले. फोर्टमध्ये त्यांचं सेंट पीटर्स चर्च १७९६ चं, काळा घोड्याकडे गेलात तर शोधा. पण अमेरिकेत गेलेल्यांशी यांचा धागा फार पातळ आहे, तो विषय वेगळा.

प्रश्न : आमची सून आर्मेनियन, बैरुतकडची. नातवाच्या फॉर्मवर वंश काय लिहायचा यावरून घरात रोज चर्चा. व्हाइट लिहिलं तर काही तोटा आहे का?
— एक वाचक, बर्बँक

उत्तर : तुमच्या नातवाला वैयक्तिक तोटा काही नाही. तोटा होतो तो मोजणीत. नुसतं व्हाइट टिक केलं की वरच्या पहिल्या प्रश्नातले आजोबा गोऱ्यांच्या सरासरीत विरघळून जातात, कुठल्या भागात आर्मेनियन बोलणारी नर्स हवी, कुठे भाड्याची मदत हवी, हे आकड्यांतून दिसत नाही. २००० च्या जनगणनेत आर्मेनियन वंशाचे म्हणून ३ लाख ८५ हजारांच्या आसपास लोक नोंदले गेले, त्यांच्या संस्था आकडा दहा लाख किंवा त्याहूनही वर सांगतात, कुठेतरी मधलं खरं असेल. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा नवा वर्ग ठरवला, पण त्यात उदाहरण म्हणून लेबनीज, इराणी, इजिप्शियन, सीरियन, इराकी, इस्रायली ही नावं आहेत, आर्मेनियन नाही. म्हणजे तुमची सून लेबनीज म्हणून तिथे बसू शकते आणि आर्मेनियाची राजधानी येरेवानहून आलेली तिची मैत्रीण नाही, आता बोला!

व्यवहाराचं सांगायचं तर जनगणनेत २००० पासून एकापेक्षा जास्त चौकोनांवर टिक करता येतं, आणि २०२० च्या फॉर्मपासून व्हाइटच्या चौकोनाखाली मूळ लिहायला रेघ आहे. एशियन इंडियनवर टिक करा, व्हाइटवरही करा, आणि त्या रेघेवर आर्मेनियन असं स्पष्ट लिहा. रेघ रिकामी सोडू नका, बहुतेक लोक सोडतात.