नस नेमकी कोणती?

प्रश्न: एमआरआयमध्ये कमरेच्या दोन नसा दबलेल्या दिसतात. डॉक्टर आधी इंजेक्शन देऊन पाहू म्हणतात. त्यातून काय कळेल?

उत्तर: दुखणारी नस कोणती, ते. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई संशयित नसेजवळ नेतात, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून जागेची खात्री करतात आणि भुलीचं औषध जेमतेम १ मिली देतात. जास्त दिलं तर ते शेजारच्या नसेपर्यंत पसरतं आणि निदानच फसतं. पहिले काही तास फार मोलाचे: तेवढ्यात नेहमीचं दुखणं थांबलं, तर दुखणारी नस तीच. एरवी ज्या हालचालीने कळ येते ती करून पाहा, दर अर्ध्या तासाने वेदनेला १० पैकी गुण देऊन लिहून ठेवा. भूल उतरल्यावर दुखणं परतलं तर घाबरू नका. सोबत स्टेरॉइड दिलं असेल तर त्याचा गुण यायला काही दिवस लागतात. मधुमेहात स्टेरॉइडमुळे काही दिवस साखर चढू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.