सूर्याचं वय, ३२ हजार वर्षं

प्रश्न : मॅडम, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. या सेमिस्टरला अॅस्ट्रोफिजिक्स आहे. डेरिव्हेशन्स जमतात. पण सर फळ्यावरचे ३/५ वगैरे सरळ खोडतात, पायचा वर्ग १० धरतात आणि ‘एवढं चालतं’ म्हणतात. दशांशचिन्हापुढच्या आकड्यांपायी अकरावीपासून मार्क घालवलेत मी, मला ही लबाडी वाटते. शिवाय तारा जितका तेजस्वी तितकी त्याची प्रत (तेजाचा आकडा, मॅग्निट्यूड) कमी, हे उलटं का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझ्या सरांची बाजू घेते, रागावू नकोस.

समज, सूर्य नुसता आकसून तापतोय. किती काळ पुरेल? एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन या भौतिकशास्त्रज्ञांनी हाच हिशोब मांडला होता. आकसताना मिळणारी ऊर्जा म्हणजे ढोबळमानानं गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमानाचा वर्ग, भागिले त्रिज्या : ४ गुणिले १० चा ४१ वा घात, इतके ज्यूल. सूर्य सेकंदाला उधळतो ४ गुणिले १० चा २६ वा घात ज्यूल. भागलंस की १० चा १५ वा घात सेकंद, म्हणजे साधारण ३ कोटी वर्षं. आता तुझे ३/५ घाल, विरियल प्रमेयातला (आकसताना सुटलेली अर्धीच ऊर्जा बाहेर पडते, हे सांगणारा) अर्धाही घाल. ३ कोटींचे १ कोटी होतील. पण उल्कापाषाण सूर्यमालेचं वय सांगतात ४५० कोटींच्या वर! मग ३ काय नि १ काय, इंधन दुसरं शोधायला हवं एवढं ठरलंच.

उलट बेसेल या खगोलशास्त्रज्ञानं १८३८ साली ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर काढलं, तेव्हा मोजायचा कोन होता एका आर्कसेकंदाचा (म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाचा) जेमतेम तिसरा भाग. तिथे ‘एवढं चालतं’ म्हणून भागलं नसतं.

आणि १० चा घात? तो चुकलेला कुठेच चालत नाही. एमएस्सीला हेच गणित मी सोडवलं. वस्तुमान ग्रॅममध्ये, त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, तेज अर्गमध्ये (ग्रॅम-सेंटिमीटरबरोबरचं ऊर्जेचं एकक), आणि गुरुत्व स्थिरांक मात्र पाठ होता तो, एसआयमधला, म्हणजे किलोग्रॅम-मीटरचा. उत्तर आलं ३२ हजार वर्षं. खाली दोन रेघाही मारल्या! पेपर परत आला तेव्हा समासात लाल शाईत एवढंच होतं : ‘म्हणजे माणूस आधी, सूर्य नंतर?’ तेव्हापासून प्रत्येक ओळीत एकक लिहिते, अगदी पाठकोऱ्या कागदावरसुद्धा.

प्रतींचं म्हणशील तर ती जुनी वहिवाट आहे, हिप्पार्कस या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर सांगतात. ठळक तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना कसेबसे दिसणारे सहाव्या. १८५६ मध्ये पॉगसन या खगोलशास्त्रज्ञानं त्याला गणितात बसवलं : ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट. वर्गातल्या नंबरासारखंच समज की. व्याध मात्र पहिल्या नंबराच्याही पुढे निघाला, म्हणून त्याला उणे १.४६ द्यावे लागले.