कंपवाताची तीव्रता कॅमेऱ्याने मोजायची आहे, मग शिकायचं काय?

पत्र: मी लातूरला बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. आजोबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. दर वेळी डॉक्टर त्यांना बोटं आपटायला, खुर्चीतून उठायला, चालायला सांगतात आणि कागदावर आकडे लिहितात. हेच काम हालचाल टिपणारा कॅमेरा करतो असं एका व्हिडिओत पाहिलं. मला यातच काम करायचंय. गणित आवडतं, पाठांतर नकोसं वाटतं. बाबा म्हणतात, नीटचीच परीक्षा दे. एमबीबीएस, फिजिओथेरपी की बायोमेडिकल इंजिनिअरिंग? नोकऱ्या आहेत का? आणि जुना किनेक्ट ऑनलाइन मिळतोय, घेऊ का?

उत्तर:

किनेक्ट घेऊ नकोस. इन्फ्रारेड प्रकाशाने अंतर मोजून हालचाल टिपणारा हा कॅमेरा मायक्रोसॉफ्टने २०१० साली व्हिडिओ गेमसाठी आणला आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. त्याच्यानंतरचा अझुर किनेक्टही २०२३ मध्ये बंद झाला. जुना घेतलास तर कॉम्प्युटरला जोडायला वेगळा अडॅप्टर शोधावा लागेल, आणि तो जोडूनही तुला हवं ते मिळणार नाही. दुसऱ्या पिढीचा किनेक्ट शरीराचे २५ बिंदू देतो, पण त्यात एका हाताच्या वाट्याला चारच येतात: मनगट, तळवा, बोटांचं टोक आणि अंगठा. तर्जनी वेगळी ओळखताच येत नाही, मग बोटं आपटण्याची चाचणी मोजणार कशी? चालणं मोजायचं तर त्याचा पल्ला साधारण अर्धा ते साडेचार मीटर. त्यात रुग्णाची मोजकीच पावलं बसतात आणि त्यातलं पहिलं नि शेवटचं पाऊल सुरुवात-शेवटाचं म्हणून सोडून द्यावं लागतं. पावलाची लांबी आणि चालण्याचा वेग बरा येतो, घोट्याचा कोन मात्र भरवशाचा नसतो, कारण पाऊल जमिनीला टेकलं की कॅमेऱ्याने मोजलेल्या अंतराच्या चित्रात पाऊल आणि जमीन एकमेकांत मिसळतात. काही काळे कपडे इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतात, खिडकीतलं ऊन तो पुसून टाकतं आणि चकचकीत फरशी तो भलतीकडे परावर्तित करते. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. साडी किंवा धोतर असेल तर गुडघा कुठे आहे हे सॉफ्टवेअर चक्क अंदाजाने ठरवतं.

आता डॉक्टर कागदावर काय लिहितात ते पाहू. कंपवातासाठी जगभर एमडीएस-यूपीडीआरएस ही मोजपट्टी वापरतात. यूपीडीआरएस या जुन्या मोजपट्टीची ही सुधारित आवृत्ती २००८ मध्ये आली. तिच्या तिसऱ्या भागात हालचालींची तपासणी असते. त्यात ३३ नोंदी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त १३२. बोटं आपटण्याच्या चाचणीत रुग्णाने अंगठा आणि तर्जनी दहा वेळा, शक्य तितक्या वेगाने आणि शक्य तितकी फाकवून आपटायची. लय एक-दोनदा तुटली, किंवा वेग किंचित कमी पडला, किंवा दहाच्या शेवटी शेवटी बोटं कमी फाकायला लागली, तर १ गुण. लय तीन ते पाच वेळा तुटली किंवा फाकणं मधेच आटायला लागलं तर २. पाचपेक्षा जास्त वेळा तुटली, हात काही क्षण थिजला, किंवा पहिल्या आपटीनंतरच फाकणं कमी होऊ लागलं तर ३. जवळपास जमतच नसेल तर ४. लय, वेग आणि फाकण या तीन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या आहेत. कॅमेरा त्या तिन्ही सुट्या करून देऊ शकतो, यातच त्याचं खरं मोल आहे. पण स्नायूंचा ताठरपणा कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी रुग्णाचा हात स्वतः हलवून पाहावा लागतो. पाठीमागून खांदे ओढून तोल पाहण्याची चाचणीही माणसानेच करायची असते.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. सॉफ्टवेअरला शिकवायला ‘हा व्हिडिओ २ चा, हा ३ चा’ असं आधी माणसानेच सांगावं लागतं आणि तज्ज्ञांचं आपसात एकमत होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजच्या संशोधकांनी नोव्हार्टिस कंपनी आणि बाझेल, बर्न, ॲमस्टरडॅम इथल्या रुग्णालयांबरोबर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांसाठी ‘असेस एमएस’ हा प्रकल्प केला. बोट नाकाला लावण्यासारख्या चाचण्या किनेक्टसमोर करून घेतल्या. तिथे हेच आडवं आलं. त्यांनी काढलेला मार्ग तुला गणितामुळे आवडेल: न्यूरॉलॉजिस्टला थेट गुण विचारायचे नाहीत, काही व्हिडिओ एकत्र दाखवायचे आणि ‘कमी बिघाडापासून जास्त बिघाडाकडे क्रम लाव’ म्हणायचं. अशा क्रमांवरून प्रत्येक व्हिडिओची जागा गणिताने ठरवायची. माणसं तुलना जास्त सातत्याने करतात. या क्षेत्रातलं अवघड काम इथे आहे, कॅमेऱ्याच्या डबीत नाही, आणि कोणता कोर्स घ्यायचा हे ठरवताना हेच धरून चाल.

त्याआधी घरच्या घरी एक प्रयोग कर. खर्च काही नाही, आणि या कामातली कटकट तुला आवडते की नाही ते आठवड्याभरात कळेल. फोन स्टँडवर पक्का बसव, हातात धरू नकोस. मागचा कॅमेरा वापर. सेल्फी कॅमेऱ्यात चित्र उलटं साठवलं गेलं तर डावा-उजवा हात अदलाबदल होतो. फुल एचडी, सेकंदाला ६० फ्रेम ठेव, आणि ५० चा पर्याय असला तर तोच घे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि ६० फ्रेमला चित्रात पट्टे सरकतात. उजेड समोरून, भरपूर. उजेड कमी पडला की बरेच फोन न सांगता फ्रेमची संख्या घटवतात, आणि ६० समजून काढलेलं गणित मग सगळंच चुकतं. हात फ्रेमच्या निम्म्या उंचीइतका दिसावा, अंगठा-तर्जनीमधली फट कॅमेऱ्याकडे असावी. हात जरा वळला की एक बोट दुसऱ्यामागे लपतं आणि अंतर खोटं येतं. व्हिडिओ केबलने कॉम्प्युटरवर घे. व्हॉट्सॲपवरून पाठवलास तर तो दाबला जातो.

मग पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मीडियापाइप हे मोफत साधन बसव. ते हाताचे २१ बिंदू देतं. ० म्हणजे मनगट, ४ अंगठ्याचं टोक, ८ तर्जनीचं टोक, ९ मधल्या बोटाचा तळ. प्रत्येक फ्रेममध्ये ४ आणि ८ मधलं अंतर काढ आणि त्याला ० आणि ९ मधल्या अंतराने भाग. असं केलं की हात कॅमेऱ्यापासून थोडा पुढे-मागे झाला तरी आकडे तुलनेत राहतात. आलेख काढ, शिखरं मोज. सेकंदाला किती आपट्या, सरासरी फाकण किती, शेवटच्या तीन शिखरांची सरासरी पहिल्या तीनच्या किती टक्के, आणि दोन आपट्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं, एवढे चार आकडे पुरेत.

यावर विश्वास ठेवण्याआधी ठरावीक तालात ठोके देणारं मेट्रोनोम ॲप सेकंदाला दोन ठोक्यांवर लाव आणि त्या तालावर स्वतःची बोटं आपट. आकडा २ च्या जवळ आला नाही तर दोष फ्रेमच्या वेळेत किंवा शिखरं शोधण्यात आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस. आलेख थरथरतो म्हणून फार गुळगुळीतही करू नकोस. कंपवाताचा विश्रांतीतला कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होतो, आणि ३ हर्ट्झच्या वरचं सगळं गाळणारा फिल्टर लावला तर आजारच पुसला जाईल. उलट बाजूनेही मर्यादा असते. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्याला सेकंदाला १५ पेक्षा वेगवान कंप कळूच शकत नाही, तो हळू असल्यासारखा दिसतो. उभं राहिल्यावरच पायांत येणारा एक कंप १३ ते १८ हर्ट्झचा असतो, तो अशा कॅमेऱ्यातून फसवू शकतो.

आजोबांचा व्हिडिओ त्यांना विचारूनच काढ आणि सोबत दोन गोष्टी लिहून ठेव: लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरच्या औषधाची, गोळी किती वाजता घेतली आणि व्हिडिओ किती वाजता काढला. गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर तोच हात दोन वेगळ्या माणसांचा वाटावा इतका फरक पडू शकतो. ही वेळ न नोंदवलेला व्हिडिओ संशोधनात निरुपयोगी. त्यावरून गोळ्या कमी-जास्त करायच्या नाहीत, हे सांगायला नको. हवं तर डॉक्टरांना दाखव.

आता कोर्स. बाबांचा रस्ता चुकीचा नाही, लांब आहे. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग एमडी तीन आणि न्यूरॉलॉजीचं डीएम तीन, मधल्या प्रवेश परीक्षांची वर्षं वेगळी. त्याच्या शेवटी तू गुण देणारी व्यक्ती होशील, गुण मोजणारं यंत्र घडवणारी क्वचितच. पाठांतर नकोसं वाटतं असं तूच लिहितेस, म्हणून मी हा रस्ता सुचवणार नाही.

फिजिओथेरपीला लोक उगाच दुय्यम समजतात. या रुग्णांबरोबर सर्वात जास्त तास फिजिओथेरपिस्टच घालवतात, आणि कोणता रुग्ण वळताना किंवा दाराच्या चौकटीत थिजतो हे त्यांना आधी कळतं. प्रयोगशाळेच्या सरळ, मोकळ्या पट्टीवर तोच रुग्ण छान चालतो आणि कॅमेऱ्याला काहीच सापडत नाही. पुढे न्यूरो विषयातलं दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण, करता येतं. पण लक्षात घे, महाराष्ट्रात बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतो. म्हणजे नीट द्यावी लागेल, पण ती एमबीबीएससाठीच द्यायची असं नाही. बाबांशी बोलताना हा मुद्दा उपयोगी पडेल.

तुझ्यासाठी माझा कौल इंजिनिअरिंगला आहे, मात्र पदवीच्या नावात ‘बायोमेडिकल’ हवंच असा हट्ट नको. ती शाखा असलेली कॉलेजं राज्यात मोजकी आहेत आणि काहींचा रुग्णालयाशी संबंध नावापुरताच. इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर यांपैकी चांगल्या कॉलेजात मिळेल ते घे. तुझ्या घराजवळ नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशन आहे, पुण्याच्या सीओईपीतही आहे. यासाठी एमएचटी-सीईटी पीसीएम गटातून दे. जेईई मेन दिलीस तर पर्याय वाढतात. चार वर्षांत सिग्नल प्रोसेसिंग, संख्याशास्त्र आणि इमेज प्रोसेसिंग हे तीन विषय मन लावून कर. नंतर गेट देऊन एमटेक. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी हे वैद्यकीय महाविद्यालय आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक चालवतात. तुला हवंय ते याच्या सर्वात जवळ जातं, कारण त्यात विद्यार्थी रुग्णालयात राहून शिकतात.

नोकऱ्यांचं स्पष्टच सांगते. ‘हालचालींच्या विकारांचं कॅमेऱ्याने मापन’ अशा नेमक्या पदाची जाहिरात तुला भारतात फारशी दिसणार नाही. नोकरी असते ती कॉम्प्युटर व्हिजनची, म्हणजे चित्रांतून माहिती काढणाऱ्या सॉफ्टवेअरची, वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीची, चालण्याचं विश्लेषण करणाऱ्या लॅबमध्ये, किंवा बंगळूरूच्या निमहान्ससारख्या मेंदूविकारांच्या संस्थेतल्या संशोधन प्रकल्पात, ठरावीक मुदतीची. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सॉफ्टवेअरही उपकरणात मोडतं. त्यामुळे चाचण्यांची कागदपत्रं नीट लिहिता येणाऱ्या इंजिनिअरला कंपन्यांत विचारतात. हे काम रटाळ वाटतं, पण मंदीत टिकतं.

मुलाखतीत उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आत्ताच सांगते. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ‘९८ टक्के अचूक’ असं लिहिलेलं दिसलं की आधी पाहायचं, एकाच रुग्णाचे व्हिडिओ शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गठ्ठ्यांत आहेत का. असतील तर सॉफ्टवेअर आजार नाही, तो माणूस, त्याचा शर्ट आणि त्याची खोली ओळखतंय. विभागणी व्हिडिओनुसार नाही, रुग्णानुसार करायची. ४ गुणांचे रुग्ण मुळातच कमी सापडतात, म्हणून नुसती टक्केवारी सांगून भागत नाही. प्रत्येक गुणाला यंत्र किती वेळा चुकलं आणि एका पायरीने चुकलं की दोन, हेही मांडावं लागतं.

रुग्ण भेटायला कॉलेजची वाट पाहू नकोस. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते. ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. त्या सुमारास होणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाला आजोबांना घेऊन जा. तिथे व्हिडिओ मात्र काढायचे नाहीत. संशोधनासाठी रुग्णाचं चित्रण करायचं तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते, आणि चेहरा दिसत असेल तर तो कुठे, किती काळ साठवणार हेही त्या कागदावर असावं लागतं.

पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या विभागात फोन कर आणि दोनच गोष्टी विचार: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रुग्णालयात करू देता का, आणि गेल्या वर्षी कोणत्या रुग्णालयात किती विद्यार्थी गेले. ‘आमचा टायअप आहे’ एवढंच उत्तर आलं, तर ते कॉलेज यादीत खाली टाक.