काफिला, ताफा, कारवाँ आणि तांडा यांत फरक काय? गावाबाहेरच्या वस्तीला तांडा का म्हणतात?

वाळवंटातून उंटांवर माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी काफिला आणि कारवाँ दोन्ही चालतात. पहिला अरबीतून आला, दुसरा फारसीतून. गोव्याचे पोर्तुगीज तर एकत्र निघणाऱ्या व्यापारी गलबतांच्या जथ्यालाही काफिलाच म्हणत. मंत्र्यांच्या गाड्या निघाल्या की तो ताफा. आणि आत झोपायची-राहायची सोय असलेली पर्यटकांची गाडी ती कॅरॅव्हॅन.

तांड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मी पुसदकडचा, तांड्यावरच वाढलो.

आज वस्ती दिसते तो तांडा पूर्वी चालता होता. गोर बंजारा समाज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मालाची ने-आण करायचा. या धंद्याला आमच्या बोलीत लदेणी म्हणतात. किनाऱ्यावरचं मीठ आत यायचं, आतलं धान्य बाहेर जायचं. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा पाहिल्याचं लिहून ठेवलंय. एवढी जनावरं पोसायची कशी? वाटेतल्या गवतावर! वैरण विकत घ्यावी लागत नसे म्हणून वाहतूक स्वस्त पडायची, शिवाय गाडी जाणार नाही अशा घाटवाटांनीही लादलेला बैल जायचा. बायकापोरं, म्हातारीकोतारी सगळी सोबत. मुक्काम कुठे टाकायचा, भांडण कसं मिटवायचं, हे तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, ठरवायचा. फौजांचं धान्यही बंजारेच पोचवत. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याची मोठी भिस्त त्यांच्यावर होती.

मग रेल्वे आली. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, पुढे रूळ देशावर आणि वऱ्हाडात पोचले तशी लदेणी बसत गेली. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलखाला मीठ पुरवलं, त्यांच्यातल्या कित्येकांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. हा अन्याय शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

धंदा गेला तसे तांडे एकेका जागी स्थिरावले. गावठाणं आधीच वसलेली, म्हणून यांच्या वाट्याला गावाबाहेरची, माळरानाकडची, जंगलालगतची जागा आली. चाल थांबली तरी नाव तेच राहिलं, आणि बऱ्याच तांड्यांना अजूनही त्या-त्या नाईकाच्या नावानेच ओळखतात. ११ वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक आमच्याच समाजाचे, पुसदजवळच्या गहुलीचे.

बोलताना ‘तांड्यात’पेक्षा ‘तांड्यावर’ म्हणा, आमच्याकडे तसंच म्हणतात. अधिक जाणून घ्यायचं असेल तर रामनवमीच्या यात्रेला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला या. आमच्या समाजाचे संत सेवालाल महाराज यांची समाधी तिथेच आहे, आणि ठिकठिकाणच्या तांड्यांवरची जुनी माणसं भेटतात. त्यांना लदेणीबद्दल विचारा, हौसेने सांगतील.