राउटरमध्ये ३३८९ उघडू नकोस

घरून ऑफिसच्या सर्व्हरवरचं टॅली वापरायचंय म्हणून राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करणार असशील, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट सर्व्हरपर्यंत वाट देणार असशील, तर आधी थांब. रिमोट डेस्कटॉपचा (दुरून विंडोज कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) हा पोर्ट उघडा दिसला की पासवर्ड चाचपणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, चिकटलेच. नंबर बदलून ३३९० केलास तरी ते शोधून काढतात.

त्यापेक्षा वायरगार्ड हे व्हीपीएन टाक, म्हणजे घर आणि ऑफिसमध्ये सुरक्षित खासगी वाट (टनेल) तयार होते. फुकट आहे, शिवाय २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. बाहेर फक्त ५१८२० हा यूडीपी पोर्ट उघडायचा. ज्याच्याकडे ओळखीची की (डिजिटल किल्ली) नसेल त्याला तो उत्तरच देत नाही. प्रत्येक लॅपटॉपला वेगळी की दे, म्हणजे कोणी नोकरी सोडली की तेवढीच काढता येते.

हमखास अडकायची जागा वेगळीच आहे. घर आणि ऑफिस दोन्हीकडे आयपी पत्त्यांची रेंज १९२.१६८.१.० हीच असेल तर टनेल जोडलेलं दिसतं, सर्व्हर मात्र सापडत नाही. ऑफिसची रेंज बदल, १०.२७.५.० वगैरे. पण प्रिंटरचा आयपी बहुतेकदा हाताने भरलेला असतो, रेंज बदलली की तो चालत नाही, म्हणून तो आधी बघ. नाहीतर सकाळी अकाउंट्सवाल्या मॅडमचा फोन आलाच म्हणून समज.

आणि राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला, तर तो प्रोव्हायडरच्या आतला, अनेक ग्राहकांना मिळून दिलेल्या जोडणीचा पत्ता असतो; बाहेरून तिथे थेट पोहोचता येत नाही, म्हणून पोर्ट उघडून उपयोग नाही. प्रोव्हायडरकडून स्टॅटिक आयपी घे.