बी.ए. सायकॉलॉजीवरून जर्मनीत मास्टर्स: आधी मार्कशीट मोजा

ताई, तुम्ही विचारलंय की अमळनेरला मराठी माध्यमातून बी.ए. सायकॉलॉजी होतंय, ६८ टक्के आहेत, तर जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळेल का, आणि पुढे थेट थेरपिस्ट म्हणून काम करता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरच बाकी सगळं ठरतं.

जर्मनीत १ सप्टेंबर २०२० पासून मानसोपचाराच्या शिक्षणाचा कायदा बदलला. आता त्या कायद्यात बसणारी बॅचलर पदवी, मग ‘क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकोथेरपी’ याच विषयातलं मास्टर्स, मग सरकारी परीक्षा आणि त्यानंतर काही वर्षांचं प्रशिक्षण, असा रस्ता आहे. बॅचलरमध्ये कोणते विषय किती हवेत आणि प्रत्यक्ष अनुभव किती हवा, हेही ठरवून दिलेलं आहे. आपली बी.ए. त्यात जवळपास कधीच बसत नाही. ‘मास्टर्स केलं की तिकडे क्लिनिक टाकता येतं’ असं कुणी एजंट सांगत असेल, तर त्याच्याकडे पैसे भरू नका. तुमच्यासाठी संशोधन, कॉग्निटिव्ह किंवा संघटनात्मक मानसशास्त्राची बाजू मोकळी आहे.

आता प्रवेश. तिथले लोक टक्क्यांआधी मानसशास्त्राचे क्रेडिट मोजतात. त्यांची तीन वर्षांची बॅचलर १८० ईसीटीएसची (ईसीटीएस म्हणजे युरोपातलं क्रेडिटचं माप) असते आणि ती बहुतेक सगळी मानसशास्त्रातच असते. आपल्याकडे मुख्य विषयाच्या जोडीला भाषा, दुसरा विषय, पर्यावरण असं बरंच असतं. तुमची पूर्ण पदवी १२० क्रेडिटची धरली, तर ४ क्रेडिटचा पेपर साधारण ६ ईसीटीएस होतो. मार्कशीट पुढ्यात घ्या, फक्त सायकॉलॉजीच्या पेपरांची बेरीज करा आणि संख्याशास्त्र, संशोधन पद्धती व मानसमापन यांची वेगळी मांडा. अर्ज बहुतेक इथेच अडकतो. किमान आकडा प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो, तो त्यांच्या प्रवेश नियमावलीत दिलेला असतो. संख्याशास्त्र कमी पडलं तर चांगले गुणही कामाला येत नाहीत.

प्रात्यक्षिकाचंही तसंच. मार्कशीटवर नुसतं ‘प्रॅक्टिकल’ छापलेलं असतं. तुम्ही जर्नलमध्ये मूलर-लायर भ्रम, आरसा-आरेखन, स्मृतीचे प्रयोग लिहिलेत, चाचण्या दिल्या-घेतल्यात, पण वाचणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तुमच्या वर्षाला लागू असलेला अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, प्रत्येक पेपरचे तास आणि घटक दिसतील असा इंग्रजीत मांडा आणि त्यावर कॉलेजचा सही-शिक्का घ्या. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला (उमवि, बांभोरी) अर्ज करताना किमान उत्तीर्ण गुण छापून मागा. कारण पुढचा हिशेब त्यावर चालतो.

आपले गुण जर्मन श्रेणीत बदलायचा तो हिशेब असा: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण यांनी भागा, तिनाने गुणा आणि १ मिळवा. ६८ टक्के आणि उत्तीर्ण ४० धरलं, तर ३२ भागिले ६० गुणिले ३ अधिक १, म्हणजे २.६. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. सायकॉलॉजीला जर्मन विद्यार्थ्यांचीच झुंबड असते, म्हणून २.६ वर नावाजलेल्या विद्यापीठांची आशा धरू नये. तुमच्या कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाचं चौथं वर्ष संशोधनासह करता येत असेल तर माझ्या मते ते कराच. संख्याशास्त्र आणि प्रबंध दोन्ही पदरात पडतात.

भाषेचा भाग सरळ आहे. सायकॉलॉजीचे बहुतेक कोर्स जर्मनमधून असतात आणि त्यांना जर्मनची सी-वन ही वरची पातळी लागते: टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेत चारही भागांत ४, किंवा डीएसएच या दुसऱ्या परीक्षेत डीएसएच-२. शून्यापासून तिथपर्यंत दीड-दोन वर्षं धरा. इंग्रजीतून म्युनिकच्या एलएमयूमध्ये न्यूरो-कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी आहे, ओस्नाब्रुकला कॉग्निटिव्ह सायन्स आहे. पण मराठी माध्यमामुळे आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा चुकणार नाही.

कागदपत्रांत आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. एखाद्या कागदावर स्पेलिंगमध्ये ‘पाटील’चा एक ‘ए’ जास्त असला, तरी पडताळणी अडते. दहावीपासूनचे सगळे कागद आजच एका रांगेत लावून पाहा. नाव दुरुस्तीला महिने लागतात. लग्न ठरत असेल, तर आडनाव बदलायचं की नाही ते अर्जाआधीच ठरवा.

भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (तुमचे शैक्षणिक कागद खरे असल्याची जर्मन बाजूने केलेली पडताळणी) लागतं, शुल्क १८,००० रुपये. ते हातात आल्याशिवाय व्हिसाचं पान हलत नाही. बरीच विद्यापीठं युनि-असिस्ट या अर्ज तपासून देणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज घेतात: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची मुदत कित्येक ठिकाणी १५ जुलै असते, काहींची त्याआधीच संपते. आठ आठवडे आधी कागद पोचतील असं बघा, म्हणजे काही कमी पडलं तर भरून देता येतं.

सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत फी नाही, फक्त सत्राचे साधारण १०० ते ३५० युरो. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्याला दर सत्राला १,५०० युरो पडतात, म्हणजे हायडलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग सगळीकडे. खरा भार ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्याचा: वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे, मग महिन्याला ९९२ परत मिळतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. कापसाचा पैसा दिवाळीनंतर घरात येतो आणि या खात्यात भरायची वेळ जून-जुलैची, तोवर तो खतं-बियाण्यांत गेलेला असतो. म्हणून शैक्षणिक कर्जाचं बँकेत जानेवारीतच बोलून ठेवा.

सगळं सुरू करण्याआधी निवडलेल्या तीन-चार विभागांच्या विद्यार्थी सल्लागारांना एक छोटा ईमेल करा: एकूण ईसीटीएस किती, त्यात मानसशास्त्राचे किती, संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धतीचे किती, सोबत मार्कशीट, आणि एवढंच विचारा की विषयाची अट पूर्ण होते का, होत नसेल तर नेमकं काय कमी आहे. नेमका प्रश्न असला की उत्तरही बहुतेक नेमकं येतं.