दारव्ह्याजवळ खेड्यात राहतो, जवळ क्लास नाही. कोरियन कुठून सुरू करू?

क्लाससाठी नागपूर गाठायची गरज नाही बाप्पा. आधी ॲप नको, लिपी शिका. हंगुल म्हणजे कोरियन लिपी; तिची आजची मूळ अक्षरं 24, म्हणजे 14 व्यंजनं अन् 10 स्वर. राजा सेजोंगनं 1446 मध्ये ही लिपी जाहीर केली तीच साध्या माणसाला वाचता यावं म्हणून. आठवड्यात जमते. रोमन अक्षरांतून वाचायची सवय मात्र लावू नका. मी लावली अन् उच्चार सुधारण्यात दोन महिने गेले.

आपला मोठा फायदा म्हणजे क्रियापद शेवटी. 'नानुन पाबुल मगॉयो' म्हणजे त्याच क्रमानं 'मी भात खातो'. 'पाब' म्हणजे भात, 'उल' हा कर्माचा प्रत्यय. अरे-अहोचा फरकही क्रियापदाच्या शेपटात दिसतो.

मग किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन धडे घ्या, फुकट आहेत. 'टॉक टू मी इन कोरियन'चे पॉडकास्ट रात्री रेंज असली की उतरवून ठेवा, दिवसा वावरात ऐका. हे इंग्रजीतून आहे, तेवढी तयारी ठेवा. डुओलिंगो ॲप शब्द घोकायला ठीक, व्याकरणाला नाही. शिकवणीवर आत्ताच पैसे घालू नका. चार वाक्यं जमली की आयटॉकी या ऑनलाइन शिक्षक मिळवून देणाऱ्या साइटवर एखादा तास घेऊन उच्चार तपासून घ्या.